भिंगावरचं कुंकू

सांगलीजवळच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवते, तिथले विज्ञानाचे सर प्रत्येक गोष्टीला "लय सोपं हाय" म्हणतात. विश्वाचा जन्मसुद्धा. "मोठ्ठा स्फोट झाला. लय सोपं हाय, दोन मार्काला येतंय." संपला धडा.

शाळेला भेट मिळालेली दुर्बीण सर कुलपातच ठेवतात. फक्त खंडेनवमीला पूजेसाठी काढतात. यंदा झेंडूचा हार घालून त्यांनी थेट भिंगालाच हळदकुंकू लावलं.

सातवीतली एक मुलगी म्हणाली, "आवं सर, आता ह्यातनं तारं कसं दिसायचं?" आणि ओढणीने भिंग पुसायला गेली.

"ए! हात लावू नकोस. पाया पड आधी!"

ती पाया पडली. सरांनी दुर्बीण पुन्हा कुलपात घातली, कुंकवासकट.