मेपल स्ट्रीटवरचा मतदार

माझे वडील मला पत्रात ‘प्रिय साथी’ असं लिहायचे. दहा वर्षांची असताना त्यांच्या निवडणुकीत मी पोस्टरं चिकटवायच्या खळीची बादली धरून गावभर हिंडले, तेव्हा हा किताब मला मिळाला. त्यांच्या समाजवादी मंडळींत सगळेच एकमेकांना साथी म्हणत. घरात मात्र तो मान माझा एकटीचा. आईला नव्हता आणि तिला नकोच होता. ‘‘साथी म्हणतील आणि वीस माणसांचा चहा टाकायला सांगतील,’’ असं तिचं म्हणणं. त्या मंडळींची एक कडक रीत होती. कुणाची चूक झाली की बैठकीत, सगळ्यांसमोर, त्या साथीचं नाव घेऊन सांगायची. पाठीमागे बोलायचं नाही आणि झाकायचंही नाही. लहानपणी मला ही रीत फार थोर वाटायची.

अण्णा तालुक्याच्या गावात शाळामास्तर होते आणि एकदा, एकदाच, नगरसेवक झाले. त्या पाच वर्षांत आलेल्या प्रत्येक पोस्टकार्डाला त्यांनी स्वतःच्या हाताने उत्तर दिलं. नळाला पाणी येत नाही इथपासून मुलीचं लग्न जमत नाही इथपर्यंत, काय वाटेल ते लोक लिहायचे. दुसऱ्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी एक कार्यकर्ता मतदारयादी घेऊन आला. वॉर्डातल्या मयतांची नावं यादीत तशीच होती आणि त्यांच्या नावावर बोटाला शाई लावून घ्यायला माणसं तयार होती. ‘‘सगळेच करतात, साथी,’’ तो म्हणाला. अण्णा म्हणाले, ‘‘मेलेल्यांच्या मतांवर जिवंतांचा नगरसेवक व्हायचं नाही मला.’’ समोरच्या उमेदवाराला अशी काही अडचण नव्हती. अण्णा बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी पडले.

पुढे त्यांचा पक्ष फुटला, मग फुटलेला तुकडाही फुटला. दोन समाजवादी एकत्र आले की तीन पक्ष निघतात, हा विनोद आमच्याकडे येणारे समाजवादीच करायचे. अण्णा सगळ्यांत मोठ्याने हसायचे आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसायचे.

आई गेल्यावर मी त्यांना सहा महिन्यांसाठी न्यूझीलंडला बोलावून घेतलं. आम्ही तेव्हा पापाकुराला राहायचो. मी ट्रेनने ऑकलंडला कामाला जायची, नवरा हॉस्पिटलात फार्मासिस्ट, मुलगी तिसरीत. अण्णा सकाळी पायमोजांवर जँडल्स, म्हणजे तिकडच्या रबरी चपला, चढवून कोपऱ्यावरच्या डेअरीत (तिकडे वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात) जायचे, दुकानदाराला खड्या आवाजात ‘किया ओरा’ असा माओरी नमस्कार घालायचे आणि पेपर घेऊन यायचे. इराकचं युद्ध चालू होतं. त्या पेपरात आतल्या पानावर त्यांना तो माणूस सापडला. अमेरिकेतल्या एका थंड, लहानशा राज्याचा लोकप्रतिनिधी. युद्धाच्या विरोधात बोलणारा आणि स्वतःला उघड समाजवादी म्हणवणारा.

‘‘अमेरिकेत?’’ अण्णांनी पेपर माझ्या नाकासमोर धरला. ‘‘समाजवादी? आणि निवडून येतो? पुन्हा पुन्हा?’’

पत्रिकेत नसलेला भाऊ म्हातारपणी भेटावा तसे ते हरखले. मी ऑफिसातून त्या माणसाच्या भाषणांचे कागद छापून आणायची, ते लाल पेनाने खुणा करून फायलीत लावायचे. इतर कुणाचे वडील क्रिकेटचा स्कोअर सांगत. माझे वडील जेवताना अमेरिकेतल्या औषधांच्या किमती सांगत. मी चिडवायची, ‘‘अण्णा, आता तिकडेच उभे राहा.’’ ते म्हणायचे, ‘‘आमच्यातला एक तरी निवडून येतोय ना, पुरे आहे.’’

मग त्यांनी त्याला लिहायचं ठरवलं. चार दिवस मजकूर घोळवला, पण शेवटी विचारायची गोष्ट एकच होती. आम्हीही लोकांसाठीच राबलो, आम्हीही स्वतःला विकलं नाही. लोक तुम्हाला निवडून देतात आणि आम्हाला विसरले. आमचं कुठे चुकलं? हे सांगताना त्यांचा आवाज इतका साधा होता की मला त्यांच्याकडे बघवेना. आयुष्यभर उशाशी घेऊन झोपलेला प्रश्न होता तो.

हाताने लिहून पोस्टाने पाठवतो म्हणत होते. मीच आगाऊपणा केला. पत्राला आठवडे लागतील, त्या माणसाच्या वेबसाइटवर फॉर्म आहे, तो भरू. ते सांगत गेले, मी इंग्रजीत टाइप करत गेले. सुरुवात ‘डिअर साथी’ अशीच हवी म्हणाले. सगळं झाल्यावर बटण दाबलं तर पत्त्याचा रकाना लाल. त्या राज्यातला पत्ता आणि पिनकोड असल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना. अण्णा तोवर चहाचा कप विसळायला उठले होते. असले फॉर्म बनवणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. चाचणी घेताना आम्ही दिवसभर खोटी नावं, खोटे पत्तेच भरायचो. हाताला वळण पडलेलं. मी तिथला एक पिनकोड शोधला, वर ‘मेपल स्ट्रीट’ असं ठोकून दिलं, फॉर्म मुकाट्याने गेला. ‘‘गेलं, अण्णा!’’ मी ओरडले आणि त्यांनी ओल्या हातांनीच टाळी दिली.

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी सकाळी, ई-मेलने उत्तर आलं. अण्णा शर्ट बदलून आले. मी वाचून मराठीत सांगू लागले. ‘‘तुमच्या मताबद्दल मनापासून आभार...’’

‘‘मत?’’ अण्णा म्हणाले. ‘‘मी कुठे त्यांना मत दिलंय?’’

‘‘अहो, मत म्हणजे ओपिनियन!’’ मी हसले. तेही हसले. पण पुढच्या ओळीत आपल्या राज्यातल्या नागरिकांचं ऐकणं हे मी माझं कर्तव्य समजतो, असं होतं. मी ती ओळ गिळली. प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं; सगळ्यांना जातं तसलं छापील पत्र होतं ते. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून मुलीने पत्राचा माथा वाचला. ‘‘आजोबा, इट सेज यू लिव्ह ऑन मेपल स्ट्रीट! बट यू लिव्ह विथ अस.’’

अण्णांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं.

‘‘हा पत्ता कुणाचा?’’

‘‘कुणाचाच नाही. फॉर्म पुढे जात नव्हता म्हणून टाकला. सगळेच टाकतात, अण्णा.’’

शब्द तोंडातून गेले आणि मला तो कार्यकर्ता आठवला. त्यांनाही आठवला असणार. ते हळूच म्हणाले, ‘‘तू मला बोगस मतदार केलंस.’’

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव आईचा. चूक माझी असली की आवाज माझाच चढतो. ‘‘एवढ्या तेवढ्यावरून तत्त्वं! यामुळेच पडलात तुम्ही. अमेरिकेला कशाला विचारता कुठे चुकलं ते? मी सांगते ना. आम्ही सगळे मागे राहिलो ते तुमच्या या सोवळेपणाने.’’

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला मराठी बोलता यायचं नाही, पण कळायचं सगळं. कॉम्प्युटर कसा बंद करायचा ते अण्णांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते नुसतेच उठून खोलीत गेले.

दोन दिवसांनी त्यांनी बंद पाकीट माझ्या हातात ठेवलं. वर त्या अमेरिकन माणसाचं नाव, मागे आमचा पापाकुराचा खरा पत्ता. ‘‘एवढं पोस्टात टाक,’’ म्हणाले. माझी चूक आता बैठकीत, माझं नाव घेऊन मांडली गेली, असं मी धरून चालले. स्टेशनजवळच्या पोस्टात मी ते टाकलं, पण रागाने टाकलं. परक्या माणसाकडे पोटच्या मुलीची चुगली, असं ट्रेनमध्ये बसून स्वतःशीच म्हणत राहिले.

महिनाभराने ते परत गेले. एअरपोर्टवर मुलीला पोटाशी धरलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. गावाहून पहिलं पत्र आलं ते ‘चि. सौ.’ आणि पुढे माझं नाव, ‘हिस अनेक उत्तम आशीर्वाद’ असं. कुठल्याही लेकीला येतो तसा मायना. दुसऱ्या कुणाला त्यात माया दिसली असती. मला माझं नाव यादीतून काढल्यासारखं वाटलं. मी उत्तर लिहिलं नाही. फोन करायची, तब्येत विचारायची, गोळ्या घेता का विचारायची. पत्रं येत राहिली, तोच मायना, मजकुरात डेअरीवाल्याची आणि नातीची चौकशी. मी ती वाचून खणात ठेवत गेले.

दोन वर्षांनी ते गेले. मी पोहोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तेराव्यानंतर त्यांचं कपाट आवरताना ती फाइल निघाली, लाल खुणांची. शेवटचा कागद कार्बन कॉपी होता. नगरसेवक असल्यापासून ते प्रत्येक पत्राची कॉपी ठेवायचे. मास्तरी वळणाचं इंग्रजी होतं.

‘डिअर साथी, मागे मी आपल्याला लिहिलं तेव्हा आपल्या राज्यातला खोटा पत्ता दिला. उत्तर लवकर मिळावं या मोहाने मी स्वतः तो दिला. दुसऱ्या कुणाचा त्यात दोष नाही. मी आपला मतदार नाही. आपण माझी क्षमा करावी. माझ्या प्रश्नाला उत्तर देण्याची आता तसदी घेऊ नये. ते मला घरीच मिळालं आहे.’

मी तो कागद धरून जमिनीवर बसले आणि मोठ्याने रडले. मी साथी राहिले असते तर माझी चूक त्यांनी नाव घेऊन मांडली असती. मुलगी म्हणून त्यांनी ती पोटात घातली आणि त्यासाठी, मेलेल्यांची मतं नाकारणाऱ्या त्या माणसाने, ज्याला तो साथी मानत होता त्याला खोटं लिहिलं.

खाली पोस्टकार्डांचे गठ्ठे होते, सुतळीने बांधलेले. नळ, गटार, शाळेचा दाखला. प्रत्येकावर कोपऱ्यात लाल पेनाने ‘उत्तर दिले’. माझ्या खणात, पापाकुराला, त्यांची अकरा पत्रं पडली होती. त्यातल्या एकावरही मला तसं लिहिता आलं नसतं.