लाल कागदाचं चाकलेट

डोंगरकडा गावच्या शाळेवर मी पाच वर्षं मास्तर होतो. त्या पाच वर्षांत मला भेटलेल्या सगळ्यात हुशार माणसाला अक्षरओळख नव्हती. त्याचं नाव नामाजी. जातीने धनगर. शाळेमागच्या माळावर त्याचं घर आणि घराला लागून मेंढरांचं कुंपण. माणसांशी बोलायचा त्याला कंटाळा होता. माझ्याशी तेवढा बोलायचा, कारण मी ऐकून घ्यायचो आणि वर चहा पाजायचो.

त्याची हुशारी जनावरांपुरती होती, पण तिथे त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मेंढी भिंत चाटायला लागली की तो दगडावर खडेमीठ ठेवायचा. गाभण शेळी हाडकं चघळायला लागली की चुन्याची निवळी पाजायचा. "जनावराच्या अंगातून जे निघून चाललं ते भरून द्यायचं, मास्तर. बाकी आमाला काय समजतं?" असं म्हणायचा. चार गावचे लोक आजारी शेळ्या घेऊन त्याच्याकडे यायचे आणि बहुतेक शेळ्या बऱ्या होऊन जायच्या.

मंजुळा ही त्याची एकुलती एक मुलगी. त्याची बायको शकुबाई, तिची चार बाळंतपणं वाया गेल्यावर ही पाचवी जगली होती. अकरा वर्षांची, बडबडी. सेहेचाळीस सालच्या होळीनंतर ती वाळायला लागली. बापाच्या बरोबरीने भाकरी खायची, कळशीभर पाणी प्यायची, सारखी लघवीला जायची आणि तरी गालाची हाडं वर येत चालली होती. गावात कोणी दृष्ट म्हणालं, कोणी बाहेरची बाधा. नामाजीने ते कानाआड केलं आणि आजारी मेंढीवर ठेवावी तशी तिच्यावर नजर ठेवली.

एका सकाळी तो शाळेच्या ओट्यावर येऊन बसला.

"मास्तर, पोरगी लघवीला बसते तितं मुंग्या लागून राहिल्या."

मी हसलो. "मुंग्या काय, कुठेही लागतात."

"न्हाई. शकू बसते तितं न्हाईत. मी बसतो तितं न्हाईत. हिच्याच जागी बराबर रांग लागते. साखर हाय ती, मास्तर. लेकराच्या अंगातली साखर निघून चालली, म्हणून सुकून राहिली."

आज मला कळतं की त्याचं निदान तंतोतंत बरोबर होतं. उपाय मात्र त्याने मेंढराचा केला. जे निघून चाललं ते भरून द्यायचं. आणि मी, चार बुकं शिकलेला माणूस, मान डोलावून म्हणालो, "बरोबर आहे तुमचं."

झालं, त्या दिवसापासून मंजुळेला गोड सुरू झालं. आधी गूळ. मग आठवडी बाजारातल्या रेवड्या आणि बत्तासे. लढाईपायी साखरेची टंचाई होती, तरी नामाजी कुठून कुठून पुडी पैदा करायचा. पोरगी मिटक्या मारत खायची. गोड कुठल्या लेकराला नको असतं? मुंग्या वाढल्या, तसा त्याने गूळही वाढवला.

वैशाखात त्याचा पुतण्या भुजंग लढाईवरून परत आला. इटलीत खेचरांच्या पलटणीत होता. त्याने ट्रंकेतून चाकलेटच्या वड्या काढल्या. तीन तऱ्हेच्या होत्या. लाल कागदातली दुधाची, उन्हाने मऊ पडलेली. निळ्या कागदातली, आत शेंगदाणे घातलेली. आणि खाकी पुठ्ठ्यातली काळी, दगडासारखी टणक. गावाने चाकलेट कधी पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नांदेडला एकदाच, दुकानाच्या काचेआड पाहिलं होतं.

"काका, ह्ये खाऊन आमी दिवसदिवस चालायचो," भुजंग म्हणाला. "भाकरीची गरजच न्हाई."

नामाजीने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. त्याने तिन्हींचा एकेक तुकडा मोडून वारुळाजवळ ठेवला आणि उकिडवा बसून राहिला. मी शेजारी उभा. लाल कागदाचा तुकडा घटकाभरात मुंग्यांनी दिसेनासा झाला. निळ्यावर मुंग्या आल्या, पण त्या शेंगदाण्याला बगल देत होत्या. काळ्यावर चारदोन चढल्या आणि उतरून गेल्या. भुजंगने त्यातला एक तुकडा मला चाखायला दिला. कडू जहर होता. नामाजीने खाकी पुठ्ठा भुजंगला परत केला. "ह्यात काई दम न्हाई. लाल दे." निळ्या वड्या मागाहून द्यायला म्हणून ठेवून घेतल्या.

मग त्याने लाल कागद माझ्या हातात दिला. "वाचा मास्तर, काय लिवलं?"

माझं इंग्रजी म्हणजे अक्षरं ओळखण्यापुरतं. दूध हा शब्द लागला, ताकद हा शब्द लागला. खाली बारीक अक्षरांत बरंच काही होतं, ते मला येत नव्हतं. येत नाही असं म्हणायला काय झालं होतं? पण भोवती दहा माणसं जमलेली, आणि मी मास्तर. मी घसा खाकरून सांगितलं, "यात दूध आहे. अंगात ताकद येते. अशक्त लेकरांना रोज द्यावं, असं लिहिलंय." शेवटचं वाक्य माझ्या पदरचं होतं.

शकुबाईने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मी घरी आलो तो मोठ्या ऐटीत.

लाल वड्या नऊ होत्या. रोज एक. पाचव्या दिवशी नामाजी हसत आला. इतक्या दिवसांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. "मास्तर, पोरीच्या तोंडाला पिकल्या फळावानी वास येऊन राहिला. गोड अंगात मुरलं." मी जाऊन पाहिलं. वास होता खरा. मंजुळा भिंतीला टेकून बसली होती, हातात चाकलेटचा अर्धा तुकडा, आणि तो तिला खाववत नव्हता. डोळे आत गेलेले. नामाजी तिला चुचकारत होता, "खा माय, एवढं खा." बापाचं मन राखायला तिने तो तुकडा तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या आणि श्वास भात्यासारखा चालू लागला. तेव्हा आम्ही गाडी जुंपली. कळमनुरीला फौजेतून परतलेला एक डॉक्टर होता. पोचेपर्यंत दिवस कलला. हाका मारल्या तर पोरगी ओ देत नव्हती. डॉक्टरने तिच्या तोंडाचा वास घेतला, लघवी काचेच्या नळीत घालून त्यात निळं औषध टाकलं आणि नळी दिव्यावर धरली. निळं पाणी विटेसारखं लाल झालं.

"मीठा खिलाए?" त्याने विचारलं.

नामाजी म्हणाला, "जी. बहुत खिलाया." त्याला वाटलं, शाबासकी मिळणार.

डॉक्टरने मला बाजूला घेतलं. या रोगावर इंजेक्शन आहे, पण ते इथे नाही आणि मागवलं तरी तोवर पोर राहणार नाही. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मीठा बंद रखते तो पाँच-छे महीने निकाल लेती बच्ची. बचती तो वैसे भी नहीं." नामाजी दाराशी मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. दिवस उगवायच्या आत मंजुळा गेली.

त्यानंतर नामाजीने माझ्या ओट्यावर पाय ठेवला नाही. लोक शेळ्या घेऊन यायचे, त्यांना तो हात जोडून परत पाठवायचा. मी समोरून आलो तर कळप वळवून दुसऱ्या वाटेने जायचा. मी मनात म्हणायचो, बरंच झालं. त्याच्याशी बोलायला माझ्याकडे तोंड कुठे होतं?

पोळा झाल्यावर एका दुपारी तो आपणहून आला. चहा नको म्हणाला. उभ्याउभ्याच विचारलं, "मास्तर, एकच इचारतो. म्या गोड दिलं नसतं तर?"

मी कित्येक दिवसांपासून उत्तर तयार ठेवलं होतं. म्हटलं, "डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, नामाजी. ती वाचणारच नव्हती. तुमच्या गोड देण्या-न देण्याने एका दिवसाचाही फरक पडला नसता."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"म्या दारातच व्हतो, मास्तर," तो म्हणाला. "बाजारात मेंढरं इकून इकून तेवढी हिंदी मलाबी समजते. पाच-सा महिने म्हणला त्यो." मग म्हणाला, "पाच महिन्यांत मेंढी गाभण ऱ्हाऊन विते. आमाला लई व्हते पाच महिने."

आणि तो ओटा उतरून गेला.