ए बाजू संपते तिथे

खट्. मग झाकण उघडल्याची कुरकुर, मग बाबांची फुंकर, एक आखूड आणि एक लांब, मग उलटी कॅसेट खाचेत बसताना प्लास्टिकवर प्लास्टिक घासल्याचा कोरडा आवाज, आणि पुन्हा खट्. लहानपणचं संगीत आठवू गेले की मला आधी हे ऐकू येतं, गाणी त्यानंतर. आणि या दोन खट्‌च्या मधे, सुपातली तूर पाखडता पाखडता, आई काहीतरी गात असे. चार ओळी. बाबांचं काम आटोपे तेव्हा तिचंही गाणं आटोपलेलं असे. कुकरची शिट्टी जशी स्वयंपाकात असते, तशा त्या ओळी कॅसेट पलटण्यात असतात, असं मी धरून चालले होते. पुढे कवितेचा रीतसर अभ्यास केला, ओळीतल्या विरामावर वर्गात तासचे तास बोलले. तरी ते तसंच धरून चालले.

आई गावच्या गायन पार्टीत कोरसला होती. जयंतीच्या दिवसांत पार्टीला आसेगाव, मेडशी, रिठद अशी बोलावणी येत, आणि बाबा सोबत टेपरेकॉर्डर घेऊन जात. त्यांना सूर नव्हता. ते टेप करीत. अशा टेपांच्या दोन पत्र्याच्या पेट्या भरल्या होत्या. बाबा गेले, टेपरेकॉर्डरचा पट्टा वितळून काळ्या गुळासारखा झाला, आई वाशीमला माझ्याकडे राहायला आली, आणि पेट्या पलंगाखाली गेल्या. वर्षभरात माझ्या लक्षात आलं की आई गुणगुणतही नाही. भाजी निवडते, कपड्यांच्या घड्या घालते, आणि घर नुसतं ऐकू येतं: पंखा, नळ, शेजारचं कुत्रं. मला तिचा आवाज परत हवा होता. गाणी सुरू झाली की आवाज आपोआप येईल, हा माझा हिशेब. मी पुढे जो काही उपद्व्याप केला तो एवढ्यासाठी.

बसस्थानकाजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी कुठलासा पट्टा कापून, जोडून बसवला आणि बजावलं, “मॅडम, आता याले जपून वापरा. एक डाव चालंल, दुसऱ्या डावाची ग्यारंटी नाई.” तेव्हा एकाच खेपेत सगळं संगणकात उतरवायचं ठरलं. उन्हाळ्याची सुट्टी त्यात गेली. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटं लागतात, हे कळायला मला तीन दुपारी लागल्या. घाई करण्याची सोयच नाही. त्यात फ्रिज सुरू झाला की तारेतून गुर्र असा आवाज गाण्यात शिरे. म्हणून फ्रिज बंद. म्हणून दूध नासे. म्हणून आई चिडे.

“गाण्यापायी दूध नासवून राह्यली. तुह्या बाबाईच्या टेपानं कदी दूध नासवलं नाई.”

लॅपटॉपवरून वाजवलेलं तिला पटेना, कारण त्याला दिसेल असं बटण नव्हतं. मग मी तळहाताएवढा एक संगणक मागवला, हार्ड डिस्क जोडली, सुताराकडून सागाची पेटी करून घेतली, पुढे चार बटणं, शेजारी दोन स्पीकर. ताज्या पॉलिशचा उग्र, गोडसर वास घरभर. मला फार सुंदर वाटली ती पेटी. आई म्हणाली, “देवारा केला काय?”

त्या देवाऱ्याने पुढचं वर्षभर माझा अंत पाहिला. वीज गेली आणि आली की तो स्वतःहून सुरू व्हायचा, आणि अकारविल्हे पहिलं असलेलं एकच गाणं लावायचा. आमच्याकडे वीज दिवसातून चारदा जाते. समोरच्या वहिनींना ते गाणं पाठ झालं, त्यांनी एकदा गॅलरीतून विचारलंसुद्धा, “मॅडम, दुसरं नाई काय हो तुमच्याजवळ?” ते दुरुस्त केलं तर आवाज कमी-जास्त होणं बंद पडलं. तेही केलं. मग मी प्रत्येक गाण्याला नाव, गायक, कवी असं नीट लिहून काढलं, पंधरा दिवस खपून, आणि आई म्हणाली, “आसेगावचं लाव.”

“आसेगावचं कोणतं, आई? गाण्याचं नाव सांग.”

“नाव कायले? आसेगावचं. पाऊस आला होता, मंडप गळत होता, ते.”

तिच्या डोक्यात गाणी गावांनी लागलेली होती. मी पुन्हा पंधरा दिवस बसले आणि सगळं गावांनी लावलं. मंडप गळण्याची नोंद ठेवायलाही एक रकाना केला. आता ती ऐकू लागली होती, रोज दुपारी, चहा होईपर्यंत. पण ऐकायचीच. ओठ मिटलेले. मी कान देऊन स्वयंपाकघरात उभी राही आणि मला फक्त स्पीकर ऐकू येई.

मग मी माझ्या मते सर्वांत चांगली सुधारणा केली. रिठदच्या कार्यक्रमातलं मोठं गाणं ए बाजू संपताना मधेच तुटत होतं आणि बी बाजूला धृपदाच्या शेपटापासून सुरू होत होतं. यंत्राच्या लेखी ती दोन गाणी. कधी अर्धं आज वाजे, अर्धं परवा. चार दिवस मी त्या तुटक्या कडा कानांनी चाचपल्या. ढोलकीची थाप थापेवर बसवली, टाळ्यांचा आवाज टाळ्यांत विरघळवला. शिवण कुठे आहे हे मलाही सापडेना तेव्हा हात थांबवला.

दुपारी ते लावलं. आई मेथी निवडत होती. जोड जवळ आला तशी तिची मान वर झाली, मेथीची काडी बोटांत राहिली, छाती श्वासाने भरली, आणि ओठ उघडले. गाणं त्या जोडावरून पाण्यासारखं पुढे निघून गेलं. तिने ओठ मिटले.

“चांगलं झालं,” ती म्हणाली. सोयऱ्याकडच्या अळणी भाजीला म्हणतात तसं.

त्यानंतर ती रिठदचं लाव म्हणालीच नाही. आसेगावचं सांगे, मेडशीचं सांगे. आठ दिवसांनी मी वैतागून विचारलं, “आई, एवढी मरमर करून जोडलं ते गाणं, काहून नाही ऐकत तू?”

“त्यात मी नाई.”

“अशी कशी नाहीस? कोरसमधे आहेस. लाव का? ऐक.”

“कोरसात तं अर्धा गाव होता, माय. माहं कडवं कुठी हाय त्यात?”

मग ते तिने सांगितलं, मेथीकडे पाहत, जणू मला ठाऊकच असल्यासारखं. इतक्या वर्षांच्या कोरसमधे तिला एकटीला एकच कडवं मिळालं होतं. पार्टीतल्याच एका कवीने पाटीवर पहिलं अक्षर काढणाऱ्या मुलीवर लिहिलेलं. रिठदला ते ती पहिल्यांदा गायला उठली आणि नेमकी तेव्हा ए बाजू संपली.

“आन तुहे बाबा बसले फुंकरा मारत! कॅसेट पलटवून लावली तवरीक मी गाऊन खाली बसली होती. मंग सारी जिंदगी घरी पलटवत, अन् म्हणत, हां, आता म्हन.”

बाबा तसं म्हणत हे मी कधी ऐकलंच नव्हतं. ती फुंकर धुळीसाठी नव्हती, किंवा नुसती धुळीसाठी नव्हती. ती लांबवलेली होती. आणि मी चार दिवस खपून, कानांनी चाचपून, आईला उभं राहायला होती तेवढीच जागा बुजवली होती.

मला स्वतःचा इतका राग आला की मी लगेच दुसरी सुधारणा सुचवली. “मग आता गा. मी टेप करते, मधे बसवते. कायमचं राहील.”

“मले नको भरू डब्यात.”

“आई, अगं...”

“नाई म्हटलं ना. डब्यातलं बरं असतं तं मी रोज कायले गायली असती?”

मी जोड उसवला आणि मधे पंधरा सेकंदांची शांतता घातली. आई दोन ओळींवर असतानाच बी बाजूची ढोलकी तिच्या अंगावर आली. “पाह्य, पाह्य, कसं हाकललं मले,” ती हसत म्हणाली, पण त्या दिवशी पुन्हा तोंड उघडलं नाही. पंचवीस केली, तर कडवं लवकर संपलं आणि उरलेली शांतता दोघींकडे बघत बसली. तिची लय रोज निराळी होती. गुडघा दुखत असला की कडवं लांबे. मला सेकंदांचा वीट आला.

शेवटी मी यंत्राला सांगितलं की ए बाजू संपली की थांब, आणि पाचवं बटण दाबेपर्यंत हलू नकोस. पेटीला नवं भोक पाडताना पॉलिश उडालं. सगळं आपोआप व्हावं म्हणून दोन वर्षं घालवली, आणि आता दुपारी कामं टाकून मला त्या देवाऱ्यापाशी बसणं आलं.

काल बसले. ए बाजू तुटली. पंखा ऐकू आला, रस्त्यावरून गेलेली भंगारवाल्याची हाक ऐकू आली, आणि मग आईचा आवाज. वरच्या पट्टीत किंचित फाटलेला, ओल्या पाटीवर पेन्सिल ओढावी तसा खरखरीत. पाटी थुंकीने पुसणारी ती पोर, अक्षर मोडल्यावर तिने पुन्हा घेतलेली पेन्सिल, हे मी आयुष्यात पहिल्यांदा शब्दाशब्दाने ऐकलं. कडवं संपलं. माझं बोट बटणावर होतं आणि ते तिथेच राहिलं.

आईने मेथीची जुडी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं, आणि जरा त्रासूनच म्हणाली, “पलटव.”