हातबोले मामाजींचा घडीचा फोन

हातबोले मामाजी फोनवर बोलतानाही हात हलवत. पलीकडच्या माणसाला आपले हात दिसत नाहीत, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण हात खाली ठेवला की त्यांची जीभ अडायची. एकदा साकोलीतल्या माझ्या मोबाइलच्या दुकानात उभे राहून ते कुणाला तरी केवढी मोठी मरळ जाळ्यात सापडली ते सांगत होते, आणि त्यांच्या पसरलेल्या हातानं माझी चार्जरांची अख्खी माळ खाली आली. माफी मागितली तीही दोन्ही हातांनी, म्हणजे उरलेली माळही गेली. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. हातबोले हे गावानं ठेवलेलं, आणि त्यांनी ते राग न मानता वापरायला घेतलेलं.

साकोलीपासून थोडं आत, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून त्यांचं गाव. मासेमारी करणारी पाच-पंचवीस घरं. तलावावर काम करणारी ही माणसं पाण्यात असताना ओरडत नाहीत. मासे बिचकतात म्हणा, वाऱ्यानं आवाज विरतो म्हणा, पण या डोंग्यातून त्या डोंग्यात, एका लहान होडीतून दुसरीत, सगळं हातानंच सांगायचं. थांब, इकडं ये, जाळं अडकलं. दोन्ही मुठी छातीकडे आणल्या की ‘जाळं ओढ’, म्हणजे आता पुरे, बाहेर काढा. बाकीचे लोक काठावर आले की हात खिशात घालत. मामाजींची मुलगी मंदा जन्मापासून ऐकू न येणारी निघाली, आणि त्यांनी हात खिशात घालणं कायमचं सोडलं. तलावाच्या खुणांना त्यांनी घरच्या खुणा जोडल्या. नाकापुढे दोन बोटं नाचवली की झिंगे. एका डोळ्यावर मूठ धरली की मी, कारण भिंग लावून फोन उघडताना मंदानं मला पाहिलं होतं. ही भाषा जगात दोघांनाच पुरती यायची. मंदाची आई लवकर गेली, त्यामुळे तिसरं कुणी शिकलंच नाही.

मंदाचं लग्न मोहाडीकडे झालं आणि मामाजी फोन घ्यायला माझ्याकडे आले. मी त्यांना एक साधा, दणकट फोन दाखवला. त्यांनी तो उभा करून पाहिला. तो पडला. मग त्यांची नजर काचेतल्या घडीच्या फोनवर गेली. तसले फोन नुकतेच निघाले होते तेव्हाचा तो, कुणीतरी हौसेनं घेऊन कंटाळून विकलेला, नागपूरहून माझ्याकडे आलेला. मी तो गंमत म्हणून अर्धा उघडून ठेवला होता, पाटावर बसलेल्या पोरासारखा.

“हा सोताच्या पायावर उभा रायते का गा?” त्यांनी विचारलं.

राहतो, म्हटलं. पण मामाजी, हा तुमच्या कामाचा नाही. याला मधोमध कणा आहे, त्यात रेतीचा एक कण गेला की संपलं. आतला पडदा काचेचा नाही, नखाचीही खूण उमटते. घडीवर रेघ दिसते ती दिवसेंदिवस वाढणार. बॅटरी दुपारीच मान टाकते. आणि बिघडला तर साकोलीत तो उघडायची कुणाची छाती नाही, माझीही नाही. दुकानदार म्हणून इतकं खरं मी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पोरीसंग बोलाले मले दोन हात लागतेत. फोन धरू कायनं?”

मी प्लास्टिकचा स्टँड देऊ केला, तर डोंग्यात तो दोन हेलकाव्यांत पाण्यात जाईल म्हणाले, आणि ते खरंच होतं. हा फोन मिटला की त्यांच्या पानाच्या डब्यात मावायचा. डबा कमरेला, कंबर पाण्यात, फोन कोरडा. संध्याकाळी मंदाचा व्हिडिओ फोन आला की डबा उघडायचा, फोन अर्धा उघडून डोंग्याच्या फळीवर बसवायचा, की दोन्ही हात मोकळे. उघडला की फोन उचलला जाई, मिटला की बंद होई. बटण शोधणं नाही. इतकं खूश गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही. येईल त्याला ते फोन मिटून दाखवत आणि म्हणत, “झोपवला.” मी मनात म्हणायचो, झोपवा, झोपवा, एक दिवस उठायचा नाही.

तसंच झालं, पण अर्धंच. ओल्या हातांनी, खवल्यांच्या हातांनी ती घडी किती वेळा उघडली गेली असेल. आधी रेघ काळी पडली, मग काळं खाली पसरलं, आणि एक दिवस खालचा अर्धा पडदा पूर्ण गेला. वरचा अर्धा ठणठणीत. मी म्हटलं, नागपूरला पाठवावा लागेल, आठ-पंधरा दिवस जातील, तोवर दुसरा घ्या. मामाजी डबा छातीशी धरून मागे सरकले. रोजचा फोन चुकवायचा नव्हता. “तोंड दिसते ना? बस झालं. पोरीचं तोंड वाचाले मले पुरा पडदा नाई लागत.”

आणि काय वाचलं ते येऊन सांगतही. मंदाच्या सासूला सुनेचे हातवारे आवडत नव्हते. आल्यागेल्यासमोर लाज वाटते, लोक हसतात, बाईमाणसानं हात मांडीवर ठेवून बसावं असं तिचं म्हणणं. फोनवेळी ती जवळच बसायची. मामाजींना हे बोचलं होतं, तरी त्यांनीच मुलीला समजावलं होतं की तिथल्या रीतीनं राहा, मी बोलतो, तू मान हलव. पडदा अर्धा झाल्यावर ते मला म्हणाले की उलट आता बरं चाललंय. पोरगी हसते. हसताना खांदे हलतात तिचे, इतकी हसते. मग तेही हसतात. हे सांगताना त्यांनी स्वतःचे खांदे हलवून दाखवले, आणि मलाही बरं वाटलं.

एका संध्याकाळी ते बाजार आटोपून दुकानात आले तेव्हा वरच्या अर्ध्यातही ठिपके दिसायला लागले होते. आता मी ऐकलं नाही. फोन हातातून काढून घेतला, नागपूरला पाठवायच्या पाकिटात घातला, आणि त्यांच्या आजच्या बोलण्यासाठी माझा स्वतःचा फोन काउंटरवर डिंकाच्या बाटलीला टेकवून मंदाचा नंबर लावला. आपण डोंग्यात नाही ना, म्हटलं, इथं फोन नाही पडत.

पडद्यावर मंदा आली. कितीतरी दिवसांनी ती त्यांना पूर्ण दिसत होती. चेहऱ्यावर हसू होतं, सासूच्या समोर ठेवायचं असतं तेवढं. हात मांडीवर होते. त्या मांडीवरच, पदराच्या आडोशानं, तिच्या दोन्ही मुठी पोटाकडे येत होत्या. पुन्हा पुढे जात होत्या, पुन्हा येत होत्या. खांदे थोडे थोडे हलत होते.

मामाजींचा हात वर गेला आणि तिथंच थांबला. मी विचारलं, काय म्हणते?

“जाळं ओढ म्हनते,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “मले काढा म्हनून राहिली, भाऊ. रोज. आनं मी रोज हासून राहिलो.”

त्या रात्री ते घरी गेले नाहीत. लाखनीपर्यंत बस मिळाली, पुढं ट्रकवाल्यांना हात करत गेले. दुसऱ्या दिवशी मंदाला घेऊन आले. तिकडे भांडण झालं नाही. सासू म्हणाली, हातपाय धड आहेत, खायला मिळतं, आम्ही मारलं का कधी? मारलं नव्हतं हे खरंच होतं. फक्त तिचं बोलणं बांधून ठेवलं होतं. जावई ट्रकवर होता, त्याला कळवू म्हणाले, आणि त्यानं पुढं विचारपूसही केली नाही.

मला वाटलं, संपलं. पण मामाजी दिवसेंदिवस खंगत चालले. मंदा घरात सगळं करायची, डोंग्यावर यायची, इतरांना हातानं सांगायची, जाळं अडकलं, इकडं या. बापासमोर मात्र तिचे हात गप्प. मांडीवर ठेवून बसायची, सासरी बसायची तशीच. तिनं काय पाहिलं होतं त्याचा विचार करा. ती रोज हाक मारत होती, बाप समोर बसून तिच्याकडे बघत होता, आणि हसत होता. पडदा काळा झालाय हे तिला कुणी, कसं सांगणार? मामाजींनी तोंडाखाली गमछा धरून पाहिला, हातानं अर्धा चेहरा झाकून पाहिला. तिनं मान फिरवली. त्यांच्या भाषेत त्या गोष्टीला खूणच नव्हती.

मग ते माझ्याकडे धावत आले. फोन दे, म्हणाले, तिला दाखवतो. फोन आदल्याच दिवशी नागपूरहून आला होता. नवा कोरा पडदा, रेघसुद्धा नाही. मी कौतुकानं उघडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, उलटसुलट केला, आणि मी कधी पाहिला नव्हता असा त्यांचा चेहरा झाला. “बरा काहून केला गा?” एवढंच म्हणाले, आणि काउंटरवर डोकं ठेवून रडले. त्यांचे हात लोंबत होते. ते हात गप्प पाहून मला भीती वाटली.

काळी चिकटपट्टी माझ्याच ड्रॉवरमध्ये होती, वायरांना लावतात ती. खालच्या अर्ध्या पडद्यावर मी ती आडव्या ओळींनी लावली, आणि मामाजींनी डोकं वर केलं. दुकान बंद करून मी त्यांना मोटरसायकलवर तलावावर घेऊन गेलो. मंदा पाळीवर जाळं निवडत बसली होती. मी एका डोळ्यावर मूठ धरली, ती थोडी हसली. तिच्यासमोर फोन अर्धा उघडून ठेवला. तिनं पट्टीवरून बोट फिरवलं, आणि तिला वाटलं, मी काहीतरी दुरुस्त करतोय.

मामाजी माझा फोन घेऊन पाळीच्या वळणानं दूर गेले. समोरच्या काठाला एका दगडाला त्यांनी तो टेकवला आणि पुढ्यात मांडी घालून बसले. इकडे फोन वाजला, मी उचलला. मंदाच्या पडद्यावर, वरच्या अर्ध्यात, बापाचा चेहरा आला. चेहरा हसत होता. खांदे थोडे थोडे हलत होते. खाली नुसती काळी पट्टी.

मंदा पाहत राहिली. आधी तिच्या कपाळावर आठी पडली, तेच हसू पुन्हा कशाला म्हणून. मग तिचं लक्ष खांद्यांवर गेलं. तिनं पट्टीकडे पाहिलं. आणि मग मान वर करून पाण्यापलीकडे पाहिलं, जिथं तिचा बाप बसला होता, लहानसा, आणि त्याच्या दोन्ही मुठी छातीकडे येत होत्या, जात होत्या, येत होत्या.

ती उठून उभी राहिली. फोन तिनं मिटला. तिनं दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, गावातल्या कुणालाही दिसतील इतके वर, आणि मुठी वळून छातीकडे ओढल्या.

मामाजींना जाऊन आता दोन पावसाळे झाले. फोनचा कणा त्याआधीच मोडला, मी म्हटलं होतं तसाच. तो मोडका फोन पानाच्या डब्यात घालून मंदानं घरात ठेवलाय, आणि तिनं त्याची चिकटपट्टी अजून काढलेली नाही.