घोडीला न विचारता घेतलेलं खोगीर

परवा जळगावात बायकोसाठी चपला घ्यायला गेलो आणि नव्या चामड्याच्या वासानं मला थेट धुळ्याच्या खोगीरवाल्यापुढे नेऊन उभं केलं, ऐंशीच्या दशकात!

सोनगीरजवळच्या आमच्या गावच्या यात्रेत डांबराच्या तीन रिकाम्या पिंपांना वळसे घालत घोडी पळवायची शर्यत असे. मी विशीतला, घोडी आमची चंद्री, आणि खोगीर पसंत करणार माझे काका, म्हणजे नाना. चंद्री दमू नये म्हणून ती घरीच. दुकानात कापूस ठासलेल्या पोत्यावर खोगीर टाकून नाना मला वर चढवत आणि लगाम म्हणून हातात उपरणं देऊन अहिराणीत हुकूम सोडत.

"झुक! आते वळ! कसं वाटस?"

"मस्त शे, नाना!"

गिऱ्हाइकं पोट धरून हसत. खोगीर गावी नेलं, की चंद्रीच्या पाठीवर डगमगे आणि बदलायला परत धुळं गाठावं लागे. असे तीन हेलपाटे झाले. तिसऱ्या खेपेला वैतागून मी पोत्यालाच टाच मारली आणि त्यावर होतं तेच खोगीर कायमचं घेतलं.

शर्यतीत दुसऱ्या पिंपाला चंद्री वळली, खोगीर तिच्या पोटाखाली गेलं आणि मी धुळीत! ती एकटीच तिसरा वळसा घालून पहिली आली.

"नाना, तुमनामुये पडनू मी!" मी ओरडलो.

चंद्रीच्या खुरांना नाल ठोकणारा आमचा म्हातारा नालबंद शांतपणे म्हणाला, "घोडीले इचारं का कोणी?"

कित्येक वर्षं त्या वाक्याचा मला राग होता.

परवा दुकानदारानं विचारलं, "साहेब, वहिनींचं माप?"

मी चप्पल खाली ठेवली आणि बायकोला आणायला घरी गेलो.