सैल प्लग

मिस्त्रींनी माझ्या स्कूटरचा प्लग पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी काढला. "सैल प्लगवरच चालवलीत. भोकातले आटे पार गेलेत. आता इंजिनाचं हेड उतरवून नव्या आट्यांचा बुश बसवावा लागेल. महिनाभर फटफट ऐकू येत नव्हती?"

येत होती. रोज म्हणायचो, रविवारी बघू. पान्याचा एक पीळ, दोन मिनिटांचं काम. पण गाडी चालत होती ना!

बायकोही म्हणायची, "जरा बसून बोलू या." तिलाही मी रविवारच दिला होता. संसार चालत होता ना! मग तिने म्हणणं सोडलं, नंतर घर.

"पूर्वीसारखी चालेल?" मी विचारलं.

"चालेल. पण मूळचे आटे ते मूळचे. तीन तास लागतील, घरी जाऊन या."

आज रविवारच आहे. मी गॅरेजच्या बाकड्यावरच बसून राहिलो.