सहा तासांच्या दशम्या

लेकीचं विमानाचं तिकीट आलं म्हणून आज दुधात कणीक भिजवली, आणि तव्यावरच्या दशमीचा तुपकट वास सुटताच धुळ्याचं आमचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. तेव्हा मी पहिल्यांदाच अमेरिकेला निघाले होते. वडील एसटीतले निवृत्त कंडक्टर, त्यामुळे तिकीट वाचायचा मान त्यांचा. चष्मा सावरत ते म्हणाले, "मुंबईहून एकला सुटतं, न्यूयॉर्कला सातला पोचतं. म्हणजे सहाच तास! आपल्या धुळे-पुणे गाडीला याहून जास्त लागतात." तिथलं घड्याळ वेगळं चालतं, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. आई ओट्यापाशी हसली. "मंग पुनापेक्षा बी जवळ शे ना!" आठवडाभर उतरलेला तिचा चेहरा असा उजळला, की विमान सोळा तास उडतं हे मी सांगितलंच नाही. प्रवासाच्या दर दोन तासांना एक दशमी बांधायची, अशी आमच्या घरची रीत. तीन मिळणार हे धरूनच मी निघाले. विमानात समोरच्या पडद्यावरच्या नकाशातला समुद्र काही संपेना, तेव्हा भूक लागली म्हणून आईने बांधून दिलेलं फडकं सोडलं. लसणाच्या चटणीचा वास शेजारच्या खुर्चीपर्यंत गेला. दशम्या मोजल्या, तर आठ होत्या. खरे तास तिला कोणी सांगितले, हे मी तिला कधी विचारलं नाही. आत्ता लेक दारात उभी राहून म्हणाली, "फार लांब नाही गं आई, आठ-नऊ तास." मी हो म्हटलं, आणि आणखी थोडी कणीक भिजवली.